पुढं पळायचं आन् मागं फेकायचं

...अवो ढकलू नका राव, हार चुरगळंल! देव काय पळून चाललाय का? ओझरचा विघ्नहर हाय, संकष्टीला तास-दीड तास रांग ठरलेलीच. आन् तुमी मगाशी इचारलं ना पावणं, हार कसला, नवसाचा का? तर तुमाला सांगतो, नवस माझा न्हाई, नवस आमच्या कुटुंबाचा, आन् तो फळला बी न्हाई, तरी हार मात्र माझ्या हातात! का? तर विलायतेतल्या एका खेळापायी. रग्बी म्हणत्यात त्याला. पुढं पळायचं आन् मागं फेकायचं! सांगा, हाय का काही डोकं त्या खेळाला?

मी निरगुडसरचा गेणभाऊ. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हंजे गाडे पळायच्या धावपट्टीवर, माईकवर बोलतो तो... आवाजावरनं वळखलंच आसंल. तीस वरसं झाली, जुन्नर-आंबेगावात आसा घाट न्हाई जिथं माझा घसा बसला न्हाई. "सुटली... सुटली... भिर्रर्रर्र..." अगं बाई, दचकलात व्हय? माफ करा ताई, सवय हाय. आन् माझा पोरगा ऋषी, तो त्याच घाटात जुंपणीला उभा राह्यचा. जुंपणी म्हंजे शर्यतीची बारी सुटायच्या आधी चार खवळलेली बैलं गाड्यापाशी धरून ठेवायची, खाली वाकून, पाय रोवून, खांदा लावून. एकशेअठरा किलोचं पोरगं! बैलं ह्याला बघून गप व्हायची. तर हे इंजिनियर झालं, कंपनीनं दोन वरसांसाठी इंग्लंडला धाडलं, एका बारक्या गावात, एकटंच. पहिल्या महिन्यात फोनवर रडकुंडीला आलं, "आप्पा, इथं शेजारी कोण राह्यतं ते बी ठावं न्हाई वो."

आन् मग एक दिवस फोन, "आप्पा, मला टीममधी घेतलं!" कसं घेतलं, ऐका. तिथल्या क्लबचा म्हातारा सेक्रेटरी, पीटर त्याचं नाव, त्याची गाडी चिखलात रुतली व्हती. आमच्या ऋषीनं एकट्यानं ढकलून बाहेर काढली. पीटर बघतच राह्यला, म्हणला, रग्बी खेळतोस का? हा म्हणला, न्हाई, पण बैलं धरलीत. पीटरला काय कळलं काय म्हाईत, पण म्हणला, चालंल!

आता खेळ कसा, तर इकडची आठ माणसं आन् तिकडची आठ माणसं समोरासमोर वाकत्यात, डोकी अडकवत्यात, पंच म्हणतो क्राउच, बाइंड, सेट... अवो, ही तर जुंपणीच! फक्त बैलं न्हाईत, दोन्हीकडं माणसंच. आमचा पहिल्या रांगेत. चेंडू लांबुळका, पपईवाणी. तो घेऊन सुटायचं पुढं, पण हातानं पुढं फेकला की शिट्टी! द्यायचा आसंल तर मागच्यालाच द्यायचा. पुढं पळायचं आन् मागं फेकायचं! आन् समोरच्या लायनीपल्याड जाऊन भुईला टेकवला की पाच गुण, आन् त्याला म्हणायचं काय, तर ट्राय. ट्राय म्हंजे प्रयत्न! आरं, काम झालं ना? मग आता प्रयत्न कसला? आन् कहर म्हंजे, सात गुणांच्या आत हारलं तर हारणाऱ्याला बी एक गुण मिळतो! थोडक्यात हारल्याचा! ही सोय आमच्या ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला पायजे व्हती, मी दोनदा घेतला आसता.

...सरका हो पुढं, दोन पावलं सरकली रांग. हां, तर लीग म्हणाल, तर टीव्हीवर दाखवत्यात ती न्हाई. त्याच्या खालची, त्याच्या खालची, आन् त्याच्या बी खालची. टीममधी एक नळ दुरुस्तीवाला, दोन मास्तर, एक दूधवाला, एक वकील. वकील तर मैदानात बी पंचाशी वाद घालायचा. बारा टीमा, बावीस मॅची, आन् शेवटच्या दोघांनी खालच्या लीगमधी जायचं. आमच्या टीमनं... बघा, आमची म्हणाया लागलो... आमच्या टीमनं दिवाळीपातूर सात मॅची खेळल्या, त्यातल्या सहा हारल्या. पण चार थोडक्यात हां!

मला कसं दिसायचं? तर दिवाळीनंतर पीटर मोबाईल काठीला बांधायचा आन् व्हिडिओ कॉल लावायचा. शनिवारी सांजच्याला साडेसातला, ऐन मंगलच्या सिरियलच्या टायमाला. मंगल म्हंजे आमचं कुटुंब. ती म्हणायची, "चिखलात लोळणारी माणसं काय बघायची? तेवढं तर आपला रेडा बी लोळतोय." पण पोरगं दिसतंय म्हणल्यावर बसायची. आता तुमीच सांगा, तीस वरसं माईकवर घालवलेल्या माणसानं मॅच मुक्यानं बघायची व्हय? पहिल्या शनिवारी तोंडावर उपरणं धरून बसलो. दुसऱ्या शनिवारी सुटलोच! "अरे आला आला आला, निरगुडसरचा ढाण्या आला, धरा रे त्याला कोण धरतंय, भिर्रर्रर्र...!" बिबट्याच्या भ्यानं सांजच्याला आमच्याकडं कोणी घराबाहेर पडत न्हाई, पण त्या दिवशी बिबट्याच ऊस सोडून गेला म्हणत्यात. आन् तिकडं? तिकडं पीटरनं काय करावं, त्यानं मोबाईल उचलून क्लबच्या माईकफुडं धरला! सगळ्या मैदानात माझा आवाज! विरुद्ध टीमचा एक गडी पळता पळता थांबला आन् आभाळाकडं बघाया लागला. त्या दिवशी जिंकलो राव आमी, आन् पुढच्या बी बऱ्याच मॅची. पुढच्या शनिवारपासनं ती शंभर-दीडशे गोरी माणसं आरडायची, "बिर्र्र्र!" भ येत न्हाई त्यांना, बाकी जमतं.

आन् इथंच घोळ झाला. जानेवारीत ऋषीचा फोन, आवाज बारीक. "आप्पा, कंपनी म्हणतीय अजून दोन वरसं ऱ्हा. चाकणला बी जागा हाय, तिकडं जातो म्हणलं तरी चालंल." मंगलनं मोबाईल हिसकावला, "चाकणला ये!" तो म्हणला, "आई, खरं सांगू का, मी हितं शनिवारच्या जिवावर जगतोय. क्लब खाली गेला तर निम्मी पोरं सोडणार, क्लबला कुलूपच लागंल. मग मी एकटा राहून काय करू, येतो घरी. पण टिकला... तर राह्यन म्हणतो." झालं! मंगलनं त्याच दिवशी इथं येऊन, ह्याच गाभाऱ्यात, हात जोडून नवस केला, "देवा, तिकडं हार दे, मी तुला जास्वंदीचा हार देईन." मी मागंच उभा. मी म्हणलं, अगं, देवाचा गोंधळ हुईल, कुठला हार आन् कुठली हार! म्हणली, "देवाला कळतं. तुमी फकस्त शनिवारी तोंड बंद ठेवा."

ठेवलं! तुमाला सांगतो, विघ्नहराची शपथ, सगळा फेब्रुवारी, सगळा मार्च तोंड बंद ठेवलं. मला काय पोरगं घरी नको व्हतं? त्याची खोली दर रविवारी मीच झाडतो की. पीटर तिकडनं हात हलवायचा, ती माणसं माईककडं बघत बसायची, आन् मी इकडं उपरणं तोंडात घालून. आमी हारत गेलो. थोडक्यात बी न्हाई, सपाटून.

एप्रिलात आली शेवटची मॅच. जिंकलं तर टिकलं, हारलं तर खाली. मंगलनं सिरियल न्हाई लावली, देवापुढं समई लावली आन् माझ्या शेजारी येऊन बसली, लाटणं घेऊन. शेवटची दोन मिनिटं. त्यांचे बावीस, आमचे एकोणीस. म्हंजे मंगलचा नवस फळायला दोन मिनिटं! समोरच्या लायनीच्या बरंच अलीकडं नुसता माणसांचा ढीग झालेला, कोणाचा पाय कोणाच्या कानात कळंना, आन् त्या ढिगातनं चेंडू घरंगळत आला तो सरळ आमच्या ऋषीच्या हातात! पुढं वीस पावलं मोकळं रान. आन् पोरगं थांबलं की वो! मागं बघाया लागलं, कोणाला देऊ म्हणून. सगळा सीझन तेच शिकवलेलं ना त्याला, तू फकस्त ढकलायचं, चेंडू मागं द्यायचा. आन् मागं कोणच न्हाई!

माझं उपरणं कधी पडलं मला ठावं न्हाई. मी उभा राह्यलो आन् आरडलो, "मागं बघू नको ऋषी! मागं बघू नको! सूट पोरा, पळ... भिर्रर्रर्रर्र...!"

आन् पळालं! एकशेअठरा किलो, दोघं पाठीला लटकलेले, एक पायाला, तरी जाऊन आडवं पडलं लायनीपल्याड! ट्राय! घाटाचा राजा! मंगलनं पहिली टाळी वाजवली, खोटं न्हाई सांगत, उडी मारून वाजवली. मग तिला आठवलं. मग लाटणं खाली ठेवलं आन् हळूच म्हणली, "पोराला काय सांगितलंत वो तुमी? मागं बघू नको?"

तिकडं पीटर मैदानात लोळून रडतोय, इकडं आमी दोघं सोप्यावर, ती बी रडतीय, मी बी रडतोय, कोण कशापायी रडतंय काय कळंना. टीमनं खांद्यावर उचललेल्या पोरानं मोबाईलकडं बघितलं, सगळा चिखल तोंडाला, म्हणला, "आप्पा, ऐकलं मी." ऐकलंस ना? मग कशाला ऐकलंस रे बाबा!

दोन वरसं वाढली. आन् वरनं ऑगस्टात क्लबानं मला पत्र पाठवलं, नव्या सीझनला माईकवर मीच, ठराव केलाय म्हणं. मंगलनं आठ दिवस मला बिनसाखरेचा चहा पाजला. मग हे जास्वंदीचं फूल न् फूल तिनं हातानं ओवलं आन् माझ्या हातात दिलं, "जावा ओझरला. देवानं विघ्नं हरायची तरी किती, विघ्न घरातच माईक धरून बसलंय! माफी मागा. म्हणावं, ह्या वरसाला तरी आयकू नको ह्यांचं, पोरगं घरी आण."

...आला वाटतं गाभारा. अवो, थांबा की जरा, मला ठरवू द्या काय मागायचं ते! पोरगं तर पायजेच हो, आई-बापाला पोरगं नको का? पण शनिवारी पहिली मॅच हाय... ती माणसं वाट बघत आसत्याल... आन् ह्या खेपेला पहिल्या चारात यायचा चान्स हाय राव... व्हय व्हय पुजारीबुवा, आलो आलो. देवा विघ्नहरा, हा हार घे बाबा, मंगलनं दिलाय.

...तिकडं देऊ मात्र नको.