अंगठ्याचे नऊ किलो

—चपलाही काढा ताई, आणि पर्स खुर्चीवर ठेवा, तिचं वजन डॉक्टरीणबाईंना नकोय. पोट आत ओढताय? ओढा, सगळ्याच ओढतात, काट्याला काही कळत नाही. चौसष्ट. आता तोंड नका पाडू — नुसत्या वजनात काय आहे? उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं, आलेल्या आकड्यानं वजनाला भागायचं. मी सातवी नापास, पण हा भागाकार झोपेत करतो. साडेतेवीस. भिंतीवरचा हिरवा पट्टा साडेअठरा ते पंचवीस, म्हणजे तुम्ही हिरव्यात. झालं समाधान?

खाली काय बघताय, माझे पाय? हो, काट्यापासून हातभर लांब ठेवतो हल्ली. खोड होती ना मला — एखादी फार ताठ्यात उभी राहिली की मागून हळूच अंगठा टेकवायचा. काटा सर्रकन वर, तिचा चेहरा खाली. मग सांगायचं, अहो गंमत केली, आणि दोघांनी हसायचं. सगळ्यांना सांगायचो मी. एकीलाच सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे — विसरलो नव्हतो. घरचीच, सून माझी, म्हटलं दोन दिवस चेष्टा चालू दे. बावन्न किलोची पोर एकसष्टची केली. भागाकारही मीच केला — पंचवीसच्या वर, पिवळा पट्टा. वर ‘जाडूबाई’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटातलं अर्धं काढून ठेवलं, मला हसू आलं. महिन्यानं संध्याकाळचं जेवणच सोडलं, तेव्हा नाही आलं. तेव्हाच सांगायचं होतं, नाही? पण महिनाभर गप्प बसलेला माणूस कोणत्या तोंडानं सांगणार — मुलालाही नाही बोललो. आता त्रेचाळीस. भागाकार अठराच्याही खाली. पाळी थांबलीय, जिना चढताना कठडा धरते, आणि तरी म्हणते अजून थोडं उतरायला हवं. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारतात, हे डोक्यात भरवलं कुणी? ती म्हणते, कुणी नाही हो, बाबांनी स्वतः मोजलं होतं, त्यांचं माप चुकत नाही. आणि मी तिथंच उभा, तिचा कागद हातात घेऊन.

आत्ता? आत्ता आतच आहे ती, बाईंसमोर. — हो, ऐकू आलं मला, दोनदा नका सांगू. उतरा काट्यावरून. हा तुमचा कागद, बसा तिथं. जरा थांबावं लागेल, ताई. तुमच्याआधी मला आत जायचंय.