अण्णांना ऐकवलेला ठेका

ते नुसतं खटक-खटक संगीत तुम्हाला लई भारी वाटतं ना? मग ऐका. शनिवारी आपल्या सोलापुरातच तसला कार्यक्रम होता. मला हौस, म्हणून अण्णांनाही नेलं. आमच्या वडिलांची तीस वर्षं यंत्रमागावर गेलेली. म्हटलं, ओळखीचं वाटेल. स्टेजवर दोघं जण, दोन लॅपटॉप आणि तासभर एकच ठेका. अण्णा मान डोलवत बसले होते. म्हटलं, जमलं की!

मग ठेका एकदम थांबला. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले, मीसुद्धा. अण्णांनी उरलेल्या तीन बोटांनी माझं मनगट गच्च धरलं.

"लाइट तर हाय. मग माग का थांबले? पळ की, कुणाचा हात गेलाय बघ!"