दहा रुमालांचे चिमटे

मुलुंडच्या एका शाळेत पालकसभा होती. वर्गाबाहेरच्या बाकावर लताबाई नातवाच्या निकालासाठी ताटकळल्या होत्या. शेजारी एक बाप आणि त्याची चौथीतली लेक पेपर हातात धरून हळू आवाजात भांडायला लागली, तसे लताबाईंनी चष्मा पुसायच्या निमित्ताने कान टवकारले.

“दहा रुमाल, एका रुमालाला दोन चिमटे. मग अकरा कुठून आणलेस गं?”

“आपल्या गच्चीवरून.”

“अगं, दहा दुणे वीस!”

“वीस चिमटे आहेत का आपल्याकडे? तूच म्हणालास ना, दोन कपड्यांची टोकं एकाच चिमट्यात धर. मग पहिल्या रुमालाला दोन आणि पुढच्या प्रत्येकाला एकच.”

“ते दोरीवर. पेपरात वीसच लिहायचं.”

“का? पेपरातले रुमाल वेगळे असतात?”

“झालं! आता मॅडम मलाच झापणार. दहावीला गणितानंच माझी वाट लावली होती, समीक्षा. तू जा आत, मी इथेच थांबतो.”

“तू पण चल ना. तूच तर शिकवलंस.”

“मी कधी शिकवलं? मी कपडे वाळत घालत होतो.”

“आणि मी मोजत होते.”

तेवढ्यात आतून हाक आली.

“समीक्षा घाडीचे पालक!”

“पप्पा, थांब. तुझ्या शर्टाला सकाळचा चिमटा तसाच आहे. काढ तो.”

“राहू दे,” तो उठत म्हणाला. “आत दाखवायला लागेल.”