खडा चावून पाहिला

दातांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंचं पेन ‘कारण’ या रकान्यावर अडलं होतं. समोरच्या बाकावर खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले काका गालाला रुमाल लावून बसले होते. शेजारी बसलेल्या काकू त्यांच्यावर वैतागल्या होत्या.

“दगड कोणी चावतं का हो?”

“चावून कळतं. मऊ असला तर खडा हरतो, कठीण असला तर दात.”

“इतकी वर्षं नखाने ओरखडायचात, मग सुरीने, मग काचेवर. माझ्या खिडक्यांची वाट लावलीत.”

“ओरखडा उठलेला दिसायला तर हवा.”

“म्हणजे?”

“रंग कळत नाही, चमक कळत नाही. दात तेवढे शाबूत होते.”

“कधीपासून?”

“झाले सहा महिने. तू उगाच घोर लावून घेतला असतास.”

“द्या तो खडा इकडे.”

“कशाला?”

“पांढरट आहे. चमक काचेसारखी. माझ्या पिनेने ओरखडा उठत नाही, उलट पिनच झिजतेय.”

“फुटलाय तिथे सपाट आहे?”

“छे. फुटक्या बाटलीसारखा, गोलसर.”

“मग गारगोटी!”

“घरीच विचारलं असतंत तर दात वाचला असता.”

केसपेपरवाल्या बाई खाकरल्या. “काकू, कारण काय लिहू?”

“लिहा, दगड ओळखताना. आणि डोळ्यांचे डॉक्टर जवळपास कुठे बसतात, तेही सांगा.”

काकांनी खिशातून दुसरा खडा काढला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला.

“हा हिरवट आहे,” काकू म्हणाल्या.