चार वाजता खुराड्यात

मी, एल्मर थॉर्डार्सन, वय ८६ वर्षे, पूर्वी शाळामास्तर, राहणार सँडलिंग गाव, सस्कॅचेवान, कॅनडा, कॉन्स्टेबल बोशें यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मी घरच्याच इंटरनेटवर, तळघरातल्या जुन्या संगणकातून एक संकेतस्थळ चालवतो. त्यावर रोज दुपारी चार वाजता शाळेतली एक कविता म्हणतो. चित्र नसते, नुसता आवाज. ऐकणारी एकच : विनिफ्रेड लूकस, वय ८५, सध्या वृद्धाश्रमात. आमचे नाते विचारले असता : एका वर्गात होतो. तिने मला १९५७ नंतर पाहिलेले नाही.

संकेतस्थळाला नाव नाही, आकड्यांचा पत्ता आहे. तो विनिफ्रेडने पाढ्यासारखा पाठ केला. जेवण झाले की नाही हे तिला आता आठवत नाही, पत्ता आठवतो.

मंगळवारी वीज गेली. आली तेव्हा इंटरनेट कंपनीने मला दुसराच पत्ता दिला होता. घरगुती जोडणीत असे होते म्हणतात. जुना पत्ता उघडला तर कोंबड्या दिसल्या. तांबड्या दारावरून ओळखले : शेजारी मायरॉन हाव्रिश यांचे खुराडे. कोल्ह्यावर नजर ठेवायला त्यांनी तिथे कॅमेरा लावलाय; माझा जुना पत्ता आता त्याला मिळाला होता. तो आवाजही पोचवतो.

चाराला दहा मिनिटे कमी होती. मायरॉन शेतावर होते. मी कुंपण ओलांडले. ओढ्याकाठचे पॉप्लर वृक्ष पिवळे झाले होते. हे जबाबात नको, असे कॉन्स्टेबल म्हणाल्या.

चार वाजता कॅमेऱ्यासमोर कविता सुरू केली. चौथ्या कडव्याला मायरॉन फावडे घेऊन आले.

"काय मास्तर, कोंबड्यांची परीक्षा आहे का?"

"दोन कडवी राहिलीत. थांब जरा."

ते टोपी काढून थांबले. मग त्यांनी पोलिसांना फोन केला.

कॉन्स्टेबल म्हणाल्या, "अहो, आकडे बदलले तरी कायम राहील असं नाव मिळतं. फुकट."

"मला मिळेल हो. तिच्या डोक्यात कोण घालणार?"

"नर्स नवा पत्ता घालून देईल."

"विनिफ्रेड तो पुसते आणि पाठ असलेला टाकते."

"मग सरळ फोन करा."

"फोनवर ती विचारते, कोण बोलतंय."

ठाण्यात बसलो असता वृद्धाश्रमातून नर्सचा फोन आला. विनिफ्रेडचा निरोप असा : "एल्मर पार पिकलाय. कोंबड्यांचं लक्ष नव्हतं. उद्या पुढची कविता म्हण, म्हणावं त्याला."

पुन्हा खुराड्यात जाणार नाही, अशी लेखी हमी माझ्याकडे मागण्यात आली. मी ती दिलेली नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. कविता गाळली आहे. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.