लाद्यांच्या फटीतली वाळू

नको मॅडम, तो ट्रे नको — तो लोकरीसारख्या पानांचा थाईम, हाताला मऊ लागतो म्हणून सगळे तोच उचलतात, पण किहीमच्या पावसात आठ दिवसांत कुजतो. हा बघा, लिंबाच्या वासाचा. चुरडा पान — येतो ना? आपल्या ओव्यासारखंच, पाय पडला की घमघमतं. पण हा उंच होतो, लाद्यांवर चढतो, कापत राहावं लागतं. तो लाल फुलांचा मात्र जमिनीला चिकटून पसरतो, दोन बोटांच्या फटीत मावतो. तुमच्या लाद्यांच्या पायवाटेला तोच — हो, मागच्या वेळीही तोच दिला होता, आठवतंय. सगळा गेला, तेही माहीत आहे. माळ्यानं पाणी घालून घालून मारला, असंच म्हणालात ना? आणि त्याला रविवारपर्यंत बंगल्यामागची खोली खाली करायला सांगितलीत. मला कसं कळलं? बाबा — म्हणजे तुमचा धर्मामाळी — माझे वडील आहेत ते. मी इथं नर्सरीतच राहतो, तुम्ही मला त्यांच्या खोलीवर कधी पाहिलं नसणार. आणि मी कुणाशी बोलत नाही फारसा. आठवीत शाळा सुटली ती पण त्यामुळेच — जाऊ दे ते.

नाही, त्यांच्यासाठी गयावया करत नाहीये. म्हणजे — करतोय, पण तसं नाही. पाणी त्यांनी घातलं, रोज दोन-दोन तास नळ सोडून ठेवला, खरं आहे. पण का घातलं? तुम्ही नाही विचारलंत. मीपण नाही विचारलं. आजोबा मिठागरावर होते, बाबांचं लहानपण तिथंच गेलं. खारी जमीन गोडी करायची तर गोड्या पाण्यानं धुवायची, परत धुवायची — आमच्या खारेपाटात एवढं पोरासोरांनाही कळतं. लावणीनंतर तिसऱ्या दिवशी पानांची टोकं जळाली, तेव्हा बाबांनी फटीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आईनं पाहिलं. थुंकले, आणि गेले नळ सोडायला. तुम्हाला काही बोलले नाहीत. मलाही नाही.

फटीत वाळू कुणी भरली? आमच्या नर्सरीच्या शेठनी नाही, शेठ तेव्हा गावाला गेलेले. तुमची वास्तुशांत शुक्रवारी, नदीच्या वाळूचा टेम्पो आलेला नाही, आणि तुमचे फोनवर फोन — मी समुद्राच्या पुळणीवरची आणली. हातगाडीवर, चार खेपा. वरून एकदा पाणी मारलं, वाटलं, गेलं मीठ. मिठागरवाल्याचा नातू मी! आणि फटींच्या खाली तुमचं सिमेंट — मीठ जाणार कुठं? पाणी साचलं, मुळं कुजली. बाबांना पहिल्या दिवशीच कळलं असणार, ही कुणाची करामत. माझं काम जाईल म्हणून स्वतःचं घालवतायत, आणि मी इथं तुम्हाला कुठला वास, कुठलं फूल सांगत बसलोय.

ठेवा तो ट्रे खाली, मॅडम. आज रोपं देणार नाही. त्या फटीत हीसुद्धा मरतील. आधी ती सगळी वाळू उकरून काढायला पाहिजे, मी काढीन, एकटा काढीन — कुणाला फोन लावताय? शेठना? लावा. मी इथंच उभा आहे. फक्त आधी बाबांना लावा. आईनं सकाळपासून भांडी बांधायला घेतलीत.