आख्खी लायब्ररी खिशात

अमरसिंह: ...आन् लिहून ठिवा ताई, आख्ख्या बीड जिल्ह्यात असं वाचनालय न्हाई. साडेचार हजार पुस्तकं देली आन् पाच हजार घेतली. आन् जागा किती लागती? तळहाताएवढी. आख्खी लायब्ररी मपल्या खिशात बसती!

सत्यशीला: मग काढा खिशातून.

अमरसिंह: काय?

सत्यशीला: लायब्ररी. काढा, बगू द्या. बावीस वर्षं झाली मला हितं ग्रंथपाल होऊन. पंधरा दिवस लेकीकडं माजलगावला काय गेलते, तर कपाटात पुस्तकाच्या जागी तुमच्या वाढदिवसाच्या शाली दिसायल्यात.

अमरसिंह: सन्मानचिन्हं बी हायेत खालच्या खणात. मोकळं कपाट बरं दिसत न्हाई. अध्यक्षाला इचार करावा लागतो.

सत्यशीला: ते पुस्तकं वाचायचं यंत्र काढा, आबा.

अमरसिंह: ते आत्ता खिशात न्हाई.

सत्यशीला: मग कुठंय?

अमरसिंह: वाचायला गेलंय.

सत्यशीला: वाचायला गेलंय म्हंजे?

अमरसिंह: उद्घाटन केलं ना बेस्तरवारी. पहिला वाचक म्हणून भागवत गुरुजींच्या हातात देलं, फोटो काढला. मला वाटलं, फोटो झाला की टेबलावर ठिवतेल. गुरुजींनी कार्ड काढलं, रजिस्टरला सही केली आन् पिशवीत घालून घरी नेलं. नियमानं. एक सभासद, एक पुस्तक, सात दिवस.

सत्यशीला: म्हंजे आख्खं वाचनालय एकटा माणूस घरी घेऊन गेला.

अमरसिंह: तसं बगितलं तर... व्हय.

सत्यशीला: आन् बाकीचे एकशेऐंशी सभासद?

अमरसिंह: त्यांचा नंबर लावलाय की! यादी केलीय. शेवटी हनुमान मिस्त्री हाय, त्याला बी सांगून आलो. साडेतीन वर्षांनी नंबर येतोय म्हणलं.

सत्यशीला: काय म्हणला?

अमरसिंह: त्याचं काय ऐकता तुमी! अडाणी माणूस.

सत्यशीला: बरं. आन् जुनी पुस्तकं कुणाला देली?

अमरसिंह: चांगल्या जागी गेली. तुमी त्याचा घोर करू नका.

सत्यशीला: ही पपई बगा.

अमरसिंह: कावून? गोड हाय का?

सत्यशीला: पपई नका बगू, गुंडाळलेला कागद बगा. काल बीडच्या स्टँडावर घेतली. पान सतरा. खाली मपला शिक्का. ‘जनविकास सार्वजनिक वाचनालय, नांदूरघाट.’ दर पुस्तकाच्या सतराव्या पानावर म्या मपल्या हातानं शिक्का मारत आले. चोरी झाली तर ओळखू यावी म्हणून. आली ओळखू.

अमरसिंह: तोंड सांभाळून बोला ताई. चोरी न्हाई, रद्दी हाय ती. ठराव घेतला. वाळवी लागलती.

सत्यशीला: वाळवी सुदीक पान पान खाती, आबा. तुमी टेम्पो लावला.

अमरसिंह: लोक कुठं चाललेत, आन् तुमी कागदाचा वास घेत बसा! आज बारा वाजता तपासणीचे साहेब येतेत. यंत्र बगितलं की खुर्चीवरून उठून हात मिळवतेत का न्हाई, बगा. हे काय, गुरुजीच आले. या या! आणलं का?

गुरुजी: आधी पेपर आला का ते सांग. सत्यशीलाबाई, आलात? मुलगी बरी आहे ना?

सत्यशीला: वैष्णवी बरी हाय. तुमी बसा. आन् ते बाहेर काढा.

गुरुजी: काढतो. पण आधीच सांगतो, माझी मुदत गुरुवारपर्यंत आहे. आज सोमवार. हा नियम मी सचिव असताना मीच लिहिलाय.

अमरसिंह: दोन तास द्या फकस्त, साहेबाला दाखवायला.

गुरुजी: अरे, मला खून कुणी केला ते कळू दे की. बाराव्या प्रकरणात आलोय.

सत्यशीला: हे मधी जांभळं काय हाय?

गुरुजी: ते अमरसिंहाला विचारा.

अमरसिंह: शिक्का हाय. फीत सगळेच कापतेत, म्हणून म्या उद्घाटनाला शिक्का मारला. नोंद नको का वाचनालयाची?

सत्यशीला: काचंवर?

अमरसिंह: मंग कुठं मारू? पान सतरा सापडना त्याच्यात.

गुरुजी: ती शाई निघत नाही. सुनेनं रॉकेल लावून पाहिलं. आता प्रत्येक पानाच्या मधोमध वाचनालय आहे. ‘त्या रात्री तिने दार उघडले आणि समोर’, मग जनविकास, नांदूरघाट, मग ‘किंचाळली.’ समोर काय होतं ते वाचनालयाखाली गेलंय.

सत्यशीला: आन् ही लाल रेघ?

गुरुजी: ती मात्र माझी. चांगलं वाक्य दिसलं की माझा हात राहत नाही. बॉलपेननं खूण केली. पान उलटलं तर रेघ पुढच्या पानावर आली. तेव्हापासून लेखक काहीही लिहो, त्याची सहावी ओळ महत्त्वाची आहे.

सत्यशीला: आन् हे पांढरं? शी! गुरुजी, हे चुन्याचं बोट हाय!

गुरुजी: बोट ओलं केल्याशिवाय मला पान उलटता येत नाही.

सत्यशीला: तंबाखू मळायची, त्याच बोटाला थुंकी लावायची, तेच बोट काचंवर! बावीस वर्षं म्या पुस्तकावरून हेच पुसत आले. मला वाटलं, यंत्र आलं, आता निदान ही घाण तरी गेली.

अमरसिंह: ते पुसता येतं! पुस्तकातलं येतं का पुसता? म्हणून तर म्हणतो.

गुरुजी: पुसलं की चाळीस पानं पुढं जातं. मी एकदा पुसलं, तर नायिकेला दोन मुलं झाली होती.

सत्यशीला: पाच हजारात मराठी किती हायेत?

अमरसिंह: सगळी असतेल! पुतण्यानं एका रात्रीत भरली.

गुरुजी: अकरा. त्यात चार पंचांगं, गेल्या सालची. बाकीची इंग्रजी. जर्मनही आहेत शिवणकामावरची. आणि समुद्रातल्या बोटींचं इंजिन दुरुस्त कसं करावं, त्याचे सहा खंड.

सत्यशीला: नांदूरघाटात.

अमरसिंह: ज्ञान हे ज्ञान असतं.

सत्यशीला: माणूस टेम्पोभर पुस्तकं इकून बोटीचं इंजिन आणतो, आन् वर शाल पांघरून घेतो! मला किळस यायली तुमची, आबा. खरंच सांगते.

गुरुजी: बाई, तुमचा राग खरा आहे. पण एक सांगू? त्यात अक्षर मोठं करता येतं. हे बघा, बोराएवढं. तीन वर्षांनी मी स्वतःच्या डोळ्यांनी पुस्तक वाचतोय.

सत्यशीला: तीन वर्षं? आन् रोज पेपर वाचायला येता ते?

गुरुजी: पेपर धरतो. मथळे दिसतात तेवढे.

सत्यशीला: मला कधी म्हणला न्हाईत.

गुरुजी: तुम्ही कव्हरं घालत असायचात. मध्येच कशाला बोला.

अमरसिंह: थांबा, साहेबाचाच फोन हाय. नमस्कार साहेब! अमरसिंह बोलतो. व्हय, तयारी जोरात. यंत्र हाय ना, डिजिटल... न्हाई? कसं न्हाई? ...अहो, पाच हजार हायेत त्याच्यात... बरं... बरं... हाताला लागणारी... एक बी कमी न्हाई... व्हय साहेब. या.

सत्यशीला: काय म्हणले?

अमरसिंह: यंत्र पुस्तकात धरत न्हाईत म्हणतेत. पंख्याच्या खाली लिहायचं. विद्युत उपकरण, एक नग.

सत्यशीला: आन् पुस्तकं?

अमरसिंह: हाताला लागणारी तीनशे दिसली पायजेत. एक जरी कमी भरलं तर मान्यता रद्द. आजच कुलूप.

गुरुजी: आज?

अमरसिंह: केजला पोचलेत, पर तिथं जेवणार हायेत. दीड तास हाय. ताई, काय तरी करा. लोक मला काय म्हणतेल?

सत्यशीला: तुमाला काय म्हणायचं ते म्हणतेत आधीपासून. मपलं वाचनालय चाललंय. गुरुजी, कुलूप लागलं तर तुमी दुपारचे जाणार कुठं?

गुरुजी: घरी. सून दूरदर्शनवर मालिका लावते.

सत्यशीला: हं. मपल्या टेबलाच्या खणात एक वही हाय. बुडव्यांची. बावीस वर्षांत पुस्तक नेलं आन् परत केलं न्हाई, असे चारशे बारा. एकेकाला म्या रस्त्यात थांबवून शिव्या घातल्या. शिवकन्या तर मला बगून गल्ली बदलती.

गुरुजी: म्हणजे, गावात जी काही पुस्तकं शिल्लक आहेत...

सत्यशीला: ती चोरांनी ठिवल्यात. प्रामाणिक माणसांची सगळी टेम्पोत गेली. आबा, पंचायतीच्या भोंग्यावर जा. पुस्तक आणून द्या म्हणावं. दंड न्हाई, नाव इचारणार न्हाई, शिव्या न्हाईत.

अमरसिंह: आन् मपल्या हस्ते स्वीकार?

सत्यशीला: जा म्हणलं ना!

(दीड तासानं. वाचनालयाच्या ओट्यावर पुस्तकांचा ढीग. तिघं त्याच्याभोवती बसलेत.)

सत्यशीला: दोनशे ऐंशी. शी, ह्याच्यात पाल हाय.

गुरुजी: जिवंत?

सत्यशीला: चपटी. पान एकशे चारवर. खूण म्हणून ठिवली का मेली, देव जाणे. दोनशे एक्क्याऐंशी. हे दह्याच्या भांड्यावर झाकण होतं. ह्याचा वास घ्या.

अमरसिंह: नको. हे बाजंच्या पायाखाली होतं, बगा, मधी खळगा पडलाय. हे आमेरनं आणलं, गॅरेजवाल्यानं. पान पान काळं, ग्रीसचं.

सत्यशीला: आणा हिकडं. मोटर वाइंडिंगचं हाय. अकरा वर्षं झाली नेऊन. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत काळं.

गुरुजी: म्हणजे पूर्ण वाचलंय.

सत्यशीला: वाचलंय बाबा एकानं. ह्याला वर ठिवा. दोनशे चौऱ्याऐंशी. ह्याच्यात मुंगळे हायेत, गुळाच्या ढेपीत पडलं असंल. शिवकन्यानं सात आणली. सात! आन् मला म्हणली, ‘ताई, दुसरं देता का?’

गुरुजी: काय म्हणालात?

सत्यशीला: शिव्या न्हाईत असं आपणच भोंग्यावर सांगून बसलो होतो.

अमरसिंह: किती झाली?

सत्यशीला: दोनशे एक्क्याण्णव. संपली.

अमरसिंह: ही नऊ हायेत की बाजूला!

सत्यशीला: ती आपली न्हाईत. शिक्का न्हाई त्यांच्यावर. शिव्या न्हाईत म्हणलं की लोकांनी कुणाकुणाची आणून टाकली. दुसऱ्याची हायेत.

अमरसिंह: दोनशे एक्क्याण्णव आन् नऊ. तीनशे! नेमकी! देव पावला. मारा शिक्का.

सत्यशीला: बावीस वर्षांत परक्या पुस्तकावर शिक्का मारला न्हाई म्या.

अमरसिंह: म्हणून कुलूप लावता का? ती बगा, गाडी वळली फाट्यावरून.

सत्यशीला: गुरुजी, तुमी सांगा. नियम तुमी लिहिलेत.

गुरुजी: मला इतक्या लांबचं दिसत नाही, बाई. शिक्का आहे का नाही, मला काही दिसत नाही.

सत्यशीला: ...द्या हिकडं शाई.

अमरसिंह: शाब्बास! पान सतरा, सगळ्याला. फुंका, फुंका. ओली दिसायली. चला, मी साहेबाला आत घेऊन जातो. तुमी हितंच थांबा, तोंड कडू हाय तुमचं.

गुरुजी: बाई, हात का चोळताय इतका?

सत्यशीला: ग्रीस लागलंय. पुसायले.

गुरुजी: मिळाली मान्यता तर, ते यंत्र इथंच ठेवा टेबलावर. मला घरी नको. मी दुपारी इथं बसून वाचीन, तुम्ही मधून मधून पुसत जा.

सत्यशीला: थुंकी लावणार न्हाई म्हणत असाल तर.

गुरुजी: प्रयत्न करीन.

सत्यशीला: मोजायलेत आत. ऐकू येतंय का? दोनशे ऐंशी... दोनशे नव्वद... पालीचं गेलं का बगा.

गुरुजी: साहेब ओरडले नाहीत, म्हणजे गेलं.

सत्यशीला: थांबले मोजायचे. आबा आले. तोंड कावून असं केलंय? किती भरली?

अमरसिंह: तीनशे.

गुरुजी: वा! वा!

सत्यशीला: मग?

अमरसिंह: शेवटचं साहेबांनी उघडून बगितलं. शिक्क्याची शाई लागली त्यांच्या बोटाला. पुसायला म्हणून पहिलं पान काढलं, तर पेननं नाव लिहिलेलं.

सत्यशीला: कुणाचं?

अमरसिंह: त्यांचंच. कॉलेजात असताना यष्टीत इसरलं होतं म्हणले. बायकोनं लग्नाच्या आधी देलेलं.

गुरुजी: अरे वा. मग काय म्हणाले?

अमरसिंह: लई खूश झाले. डोळ्याला लावलं, पिशवीत घातलं, आन् वहीत दोनशे नव्व्याण्णव लिहिलं.